आरती पिवळी झाली त्याची गोष्ट

"पिवळी! पिवळी झाली! अय्यय्यो, आरती पिवळी झाली!"

आमच्या हेडमिस्ट्रेस बाई शाळेच्या फाटकात उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की तिकडे तिरुवैयारूला कावेरीत पाय सोडून बसलेल्या माणसानं दचकून पाय वर घ्यावेत. पितळी ताटाची एक कड त्यांच्या हातात होती, दुसरी माझ्या. ताटापलीकडे शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून उभ्या. आणि माझ्या कोपराशी नववीतली एक मुलगी, तोंड वेडंवाकडं करून, दातांनी फोडलेलं लिंबू मुठीत धरून. लिंबाचे शेवटचे थेंब अजून ताटात गळत होते.

ओरडणं अर्थात तमिळमध्ये चाललं होतं. शाळेत आम्ही तमिळ बोलतो, फळ्यावर इंग्रजी लिहितो, आणि मराठी घरी जाऊन चप्पल काढली की मग तोंडात येते. मी सगळं मराठीत आणून सांगते आहे. आणताना एखादा शब्द फुगला असेल तर तो प्रवासात फुगला असं समजा.

आता तुम्ही म्हणाल, आरती पिवळी होते म्हणजे काय? तुमची आरती म्हणजे निरांजन. आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे तंजावूरला आले, परत जायचं विसरले, आणि त्यांनी इथली आरती उचलली. दारात पाहुणा आला, नवी सून आली, बाळंतीण माहेरून आली, की ताटात पाणी, पाण्यात हळद, हळदीत विड्याचा चुना. पाणी लालभडक होतं. दोन सुवासिनींनी ताट धरून ओवाळायचं, त्याच पाण्याचा टिळा लावायचा आणि उरलेलं फाटकाबाहेर ओतून द्यायचं. दृष्ट गेली. तर हे पाणी लाल असतं. तंजावूर वसल्यापासून लाल आहे. ते पिवळं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहणार होत्या त्या नेमक्या अधिकारी बाई, ज्यांच्या एका होकारावर माझं कपाट अडकलं होतं.

कपाटाचं सांगते.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या वर्गासाठी टॅबलेट पाठवले होते, एआय आत भरूनच. हेडमिस्ट्रेस बाईंनी ते पोलादी कपाटात ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. खंडेनवमीच्या आयुधपूजेला कपाट उघडायचं, प्रत्येक टॅबलेटला चंदनाचं बोट आणि कुंकू लावायचं, चुरमुऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा, पुन्हा कुलूप. एवढा मान आमच्या घराण्यातल्या तलवारींना मिळाला नव्हता. त्यांनी माझी आत्या नारळ फोडते. एकदा मी म्हटलं, "मॅडम, एक टॅबलेट चालू करून बघू या का?" तर म्हणाल्या, "पूजेतल्या वस्तूला पारोसा हात लावू नये."

पण एआय थोडाच कपाटात बसून राहणार! तो मुलांच्या घरी, आईबापांच्या फोनमध्ये पाय पसरून बसला होता. मी विज्ञानाच्या तासाला मुगाला मोड आणायचा प्रयोग दिला, तर सगळ्या वर्गाचं निरीक्षण एकाच आईच्या पोटचं. प्रत्येकानं बिया "काळजीपूर्वक" पाहिल्या होत्या. एकानं त्या खिडकीतल्या बर्फापासून लांब ठेवल्या होत्या. तंजावुरात! जिथं मे महिन्यात कावळा दारावर टकटक करून आत येऊ का विचारतो! दुसऱ्यानं शेवटी "प्रयोगशाळेतील माझ्या सहकाऱ्यांचे" आभार मानले होते. त्याचा सहकारी म्हणजे बाकावर शेजारी झोपणारा एक आणि पाल. पाणी उकळायच्या प्रयोगात सगळ्यांचं पाणी बरोबर शंभर अंशांवर उकळलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नव्वदच्या वर चढतच नाही. त्याचं वय झालं आहे.

मी हे सगळं हेडमिस्ट्रेस बाईंना हसत हसत सांगितलं, ही चूक झाली. त्यांनी टेबलावर असा हात मारला की भिंतीवरचा नकाशा खाली आला.

"बंद! विज्ञानाच्या तासाला एआयचं नाव नको."

"मॅडम, नाव बंद करता येईल. घरचे फोन कसे बंद करणार?"

"मग तुम्हीच लिहा. मुलांनी तो किती वापरायचा, कसा वापरायचा, आपली अपेक्षा काय. एका पानात. खात्याच्या बाई येणार आहेत, त्यांना दाखवू. त्या हो म्हणाल्या तर ही किल्ली तुमची. नाही म्हणाल्या तर कपाटातल्या कुंकवाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि मुलांनी सगळं वहीत हातानं लिहायचं, एआय दिसला की शून्य."

मी लिहायला बसले. पहिला मसुदा इतका लांब झाला की गुंडाळी सोडली तर एक टोक आमच्या घरात आणि दुसरं मोठ्या देवळाच्या नंदीपाशी. हे विचारावं, हे विचारू नये, विचारलं तर सांगावं, सांगितलं तर कुठं सांगावं. नववीतल्या मुलांना वाचून दाखवला. तिसऱ्या ओळीला अर्धा वर्ग पेंगला, आणि एकानं हात वर करून विचारलं, "मिस, याचा सारांश एआयकडून करून घेऊ का?"

तो कागद मी फाडला. फळ्यावर एवढंच लिहिलं: एआयला हवं ते विचारा. पण त्यानं सांगितलेली एक तरी गोष्ट स्वतःच्या हातानं खोटी पाडून बघा. पडली तर काय दिसलं ते सांगा, नाही पडली तरी काय दिसलं ते सांगा.

वर्ग चट्‌दिशी उठून बसला. मुलांना अभ्यास कर म्हटलं तर अंगात ताप येतो. एखाद्याला खोट्यात पकड म्हटलं की अंगात पोलीस येतो.

पहिली शिकार मोठ्या देवळाची. एआयनं कुणाला तरी ठासून सांगितलं की आमच्या मोठ्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. हे तर तंजावुरातला प्रत्येक रिक्षावालाही सांगतो, पण रिक्षावाल्याला कोण पकडणार? मुलं शनिवारी दुपार कलल्यावर देवळात गेली, शिखराच्या सावलीत गोल करून बसली आणि तिथंच बसून चकलीसारखे मुरुक्कू खाल्ले. सोमवारी वर्गात असा गलका, "मिस, सापडला! सावलीत इतकं गार होतं!" दुसऱ्या एका मुलाला एआय म्हणाला की कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो. यानं गच्चीवरच्या कावळ्याला दोन दिवस वाकुल्या दाखवल्या. तिसऱ्या दिवशी कावळा त्याच्या मागं लागला तो असा, की पोरगं आजोळी जायला ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढलं तर कावळा टपावर. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, "मिस, नाही सापडला. मीच सापडलो."

हेडमिस्ट्रेस बाईंना मात्र सावलीचं प्रकरण झोंबलं. त्यांचाही त्या सावलीवर विश्वास होता, त्यांच्या आईचाही होता. "मुलांना देवधर्म उरणार नाही," त्या म्हणाल्या, आणि कमरेची किल्ली आणखी आत खोचली. "बघू खात्याच्या बाई काय म्हणतात."

म्हणून त्या दिवशी सगळं बिनचूक व्हायला हवं होतं. फाटकात तांदळाच्या पिठाचा मोठा कोलम, म्हणजे इथली रांगोळी, काढला. आरतीला दोन सुवासिनी, एक हेडमिस्ट्रेस बाई, एक मी. आणि आमच्याकडे मोठ्या माणसाच्या हातात स्वागताला एक लिंबू ठेवतात, ते धरायला हेडमिस्ट्रेस बाईंनी नववीतली सगळ्यात मुखदुर्बळ मुलगी निवडली. वर्षभरात तिच्या तोंडून "येस मिस" याखेरीज अक्षर निघालं नव्हतं. "हिच्याकडून काही होणार नाही," असं त्या खात्रीनं म्हणाल्या.

तिचं काय झालं होतं, तेही सांगायला हवं. या मुलीनं घरी एआयला विचारलं होतं, आरतीचं पाणी लाल का होतं? तो म्हणाला, हळद चुन्यात लाल होते, कारण चुना आम्लारी असतो. आणि त्यात आंबट काही, उदाहरणार्थ लिंबू, पिळलं तर परत पिवळी होते. झालं. माझ्या नियमाप्रमाणे हे आता खोटं पाडून बघायला हवं. घरी आरतीत लिंबू पिळू का विचारल्यावर तिच्या आईनं असं पाहिलं म्हणे, की तिचं रात्रीचं जेवणही आंबट झालं. आणि मग देवानं तिच्या एका बाजूला आरतीचं ताट ठेवलं आणि हातात लिंबू दिलं. अधिकारी बाईंनी डोळे मिटले, आम्ही ताट फिरवू लागलो, आणि ही लिंबू दातांनी फोडून माझ्या कोपराखालून पुढे सरकली.

पिवळी झाली, हे खरं. एआय त्या बाबतीत खरा होता.

"अगं, हे प्रयोगशाळेत करायचं!" मी तिच्या कानात फिसकारले.

"मिस, तो आरतीचं पाणी म्हणाला होता," ती पुटपुटली. "प्रयोगशाळेतलं पाणी आरतीचं नसतं."

आणि तेवढ्यात अधिकारी बाईंनी डोळे उघडले. ताटाकडे पाहिलं. हेडमिस्ट्रेस बाई "अपशकुन, अपशकुन" म्हणत ताट जमिनीवर ठेवत होत्या, आणि त्यांचा एक हात कमरेच्या किल्लीवर गेला होता. मला माझं कपाट विहिरीत पडताना दिसलं.

अशा वेळी साधं माणूस माफी मागतं. मी थाप मारली.

"मॅडम," मी अधिकारी बाईंना म्हणाले, "घाबरू नका, हा मान आहे. आम्ही तंजावूरचे मराठी लोक. आमच्यात अगदी थोर पाहुणा आला की लाल आरती लिंबानं पिवळी करतात. राजांच्या दरबारापासूनची पद्धत. सगळ्यांना नाही करत."

हेडमिस्ट्रेस बाईंचा ओरडण्यासाठी उघडलेला जबडा उघडाच राहिला. माझी थाप फाटकात अशी दिमाखात उभी होती, जणू तीसुद्धा स्वागतालाच आली आहे.

अधिकारी बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पर्समधून फोन काढला. "तुम्ही विज्ञानाच्या मिस ना? एआयचं पान तुमचंच? मग विचारू या त्यालाच," म्हणाल्या, आणि फोनला मोठ्यानं विचारलं, "तंजावूरच्या मराठी कुटुंबांत थोर पाहुण्यासाठी आरती पिवळी करायची पद्धत आहे का?"

आणि फोन गोड आवाजात म्हणाला, "होय! ही एक अत्यंत प्राचीन आणि सुंदर परंपरा आहे. लाल रंग स्वागताचा आणि पिवळा समृद्धीचा. मराठा दरबारात लिंबाचा रस सजवलेल्या हत्तीच्या सोंडेतून आरतीच्या ताटात सोडला जात असे."

हत्ती! माझ्या डोक्यात हत्ती आला नव्हता! मी आयुष्यभर थापा मारत आले. लग्नात, बाळंतपणात, शिक्षक-पालक सभेत. माझ्या थापेला निदान धाप लागते. या पठ्ठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. मला आनंद होण्याऐवजी असूया वाटली, खोटं कशाला सांगू. निदान हे तरी खोटं नाही.

"बघा मॅडम," मी मान ताठ करून म्हणाले. "हत्तीचं मी मुद्दामच बोलले नव्हते. स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं."

हेडमिस्ट्रेस बाईंचा हात किल्लीवरून थोडा सैल झाला. मी वाचले होते. वाचलेच होते, मी तुम्हाला सांगते. आणि तेव्हा मागून आवाज आला, वर्षभरात पहिल्यांदा.

"मॅडम, एक तरी गोष्ट खोटी पाडून बघायची असते."

मुखदुर्बळ मुलगी. लिंबू मुठीत.

"कशी?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"उलटं विचारून बघू?"

अधिकारी बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं विचारलं, "तंजावूरच्या मराठी लोकांत आरती पिवळी करायची पद्धत मुळीच नाही ना?"

"अगदी बरोबर!" फोन त्याच गोड आवाजात म्हणाला. "अशी कोणतीही परंपरा नाही. आरतीचं पाणी लालच असतं."

"आत्ताचा हत्ती कुठे गेला?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"म्हणूनच!" हेडमिस्ट्रेस बाईंनी संधी साधली. "म्हणूनच मी कुलूप लावते, मॅडम! लबाड मशीन आहे ते! जसं विचाराल तसं होय होय करतं!"

"थांबा. मशीन दोन्ही म्हणालं. पण मिस तर एकच म्हणाल्या." अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. "खरं कोणाला माहीत असेल?"

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "मिसच्या आत्याला. आमच्या अक्काच्या लग्नात आरतीचं पाणी त्यांनीच कालवलं होतं."

हे खरं होतं. तंजावुरातल्या मराठी घरांत माझ्या आत्याशिवाय आरती कालवली जात नाही. ती वीज मंडळात सुपरिंटेंडंट होती. निवृत्त झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे. वर्‍हाडाला ओळीत उभं करते. मी आशेनं फोन लावला, कारण आत्याला तमिळ येत असलं तरी माझ्याशी ती मराठीतच बोलते, आणि फाटकात मराठी कुणाला येत होतं? अधिकारी बाईंनी स्पीकर लावायला सांगितला. लावला.

"आत्या गं," मी मराठीत सुरू केलं, प्रत्येक शब्दाला कोपरखळी देत, "आपल्यात थोर पाहुण्याला आरती लिंबू पिळून पिवळी करतात ना? करतात की नाही गं? राजांच्या वेळेपासून?"

"नाही."

"आठवून बघ की जरा."

"नाही. लिंबू कुणी पिळलं?"

"तू आधी आठवून तर बघ!"

"पाणी बिघडलं असेल. नवा चुना घाल," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मी अधिकारी बाईंकडे वळून म्हणाले, "वय झालंय, मॅडम, त्यांना नीटसं..." तोवर ती मुलगी सगळं तमिळमध्ये सांगून मोकळी झाली होती. शब्दन्‌ शब्द. माझी कोपरखळीसुद्धा. आमच्या मराठी घरांतल्या मुलांचं हे असं आहे. घरी आजीशी मराठीत एक वाक्य धड बोलता येत नाही, पण दारामागून ऐकलेलं सगळं कळतं.

अधिकारी बाईंनी माझं पान मागितलं. हेडमिस्ट्रेस बाईंनी ते फायलीतून काढून दिलं, ते असं दोन बोटांनी, जणू त्यालाही लिंबू लागलं होतं. बाईंनी वाचलं. फळ्यावरचीच तीन वाक्यं तर होती. मग पान खाली घेऊन त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"तुमच्या नियमात मशीन सापडलं," त्या म्हणाल्या. "तुम्हीही सापडलात."

"हो, मॅडम." दुसरं काय म्हणणार?

"ही पोरगी कितवीत आहे?"

"नववीत."

"चुना घातला तर परत लाल होईल, असं एआय म्हणाला का गं?"

मुलीनं मान हलवली. "म्हणाला. मी अजून पाडून बघितलं नाही."

"मग बघ."

चुना हेडमिस्ट्रेस बाईंच्याच पानाच्या डबीत होता. त्यांनी तो काढायला इतका वेळ लावला, जणू मोठ्या देवळाचा पाया उकरून आणत होत्या. मुलगी हात पुढे करणार, तोच त्या म्हणाल्या, "तू नको, तू लिंबूवाली," आणि स्वतः खाली बसल्या. बोटावर चुना घेतला, पिवळ्या पाण्यात कालवला. काही नाही. आणखी घेतला. काही नाही. त्यांचे ओठ हलत होते. कुठल्या देवाला बोलावत होत्या ते कळलं नाही, पण बरेच असावेत. तिसऱ्यांदा सगळी डबीच रिकामी केली आणि मनगटापर्यंत हात घालून ढवळलं.

"लाल! झाली! अय्यय्यो, लाल झाली!"

मघापेक्षा मोठा आवाज. कावेरीकाठच्या माणसानं पुन्हा पाय वर घेतले असणार. बाईंचे डोळे भरून आले होते. "पुन्हा करून बघू का?" त्यांनी विचारलं, कुणाला ते माहीत नाही, आणि मुलीच्या मुठीतल्या लिंबाकडे हात पुढे केला. मी त्यांचा दंड धरून त्यांना उभं केलं, कारण अधिकारी बाई अजून अनवाणीच उभ्या होत्या आणि फाटकातली फरशी तापून तव्यासारखी झाली होती.

आम्ही पहिल्यापासून ओवाळलं. टिळा लावला. पाणी ओतलं. अधिकारी बाईंनी पानाखाली सही केली, आणि जाताना त्या मुलीपुढे हात पसरला.

"माझं लिंबू?"

तिनं ते चावलेलं लिंबू त्यांच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं. आणि हेडमिस्ट्रेस बाईंनी चुन्यानं माखलेल्या बोटांनी कमरेची किल्ली काढून मला दिली, एवढंच म्हणून की टॅबलेटवरचं कुंकू पुसायचं नाही. आम्ही अजून पुसलेलं नाही. मुलं त्याच्या कडेकडेनं बोट फिरवतात.

संध्याकाळी मी आत्याकडे गेले. ती कढीलिंबाची पानं काढत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, म्हणजे तुम्हाला सांगितलं त्याहून थोडं जास्त. तिच्या आवृत्तीत कावळाही फाटकावर येऊन बसतो. ती ऐकत होती, पानं काढत होती.

"आत्या," मी शेवटी म्हटलं, "माझं कपाट हातचं जायची वेळ आली होती. एकदा हो म्हणाली असतीस, तर तुझं काय बिघडलं असतं गं?"

तिनं रिकामी काडी बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.

"तसं असतं तर म्हणाले असते."